दाराशी थांबलेला ठिपका

"हल्ली ती दाराशी फार वेळ उभी असते," बाबा म्हणाले. "आज तू आलीस, तरी आत आली नाही."

आईला जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. मी दारात चपला काढत होते. एका पायातली निघाली होती, दुसरी तशीच राहिली. बाबांनी हातातला फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर आमच्याच घराचा नकाशा होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मी उभी होते ते बाहेरचं दार. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या पावलांपासून हातभर अंतरावर एक हिरवा ठिपका होता. खाली लिहिलं होतं, 'आई. ठीक आहे.'

मी मागे सरकले. संख्याशास्त्रात मास्टर्स केलेली, मोठ्या कंपनीत विश्लेषण विभाग सांभाळणारी बाई, आईच्या पायावर पाय पडेल म्हणून भिंतीला चिकटली. कोणी बघितलं असतं तर नोकरीवरूनच काढलं असतं.

"बसा साहेब, चहा टाकतो," बाबा म्हणाले. मला बढती मिळाल्यापासून ते मला साहेब म्हणायचे.

ते ॲप आमच्याच कंपनीचं. एकट्यादुकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटाला एक पट्टा बांधायचा आणि प्रत्येक खोलीत काडेपेटीएवढी एक डबी लावायची. मग कामाच्या गावी असलेल्या मुलांना फोनवर दिसतं, की आई उठली, नाडी बरी आहे, आता स्वयंपाकघरात आहे. ठिपका हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. करडा म्हणजे काहीच कळत नाही. आमच्या घरी ते मीच आणलं होतं, कर्मचाऱ्यांना फुकट मिळतं म्हणून. आईला त्याची भारी मौज वाटायची. "गाईच्या गळ्यात घंटा आणि माझ्या हातात पट्टा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला मात्र एकदा म्हणाली होती, "तुझं पोट दुखलं की मला न बघता कळायचं. तुला माझं कळायला यंत्र लागतं का गं?"

तो पट्टा आता तिच्या कपाटात, घडी केलेल्या कपड्यांखाली होता. त्याची बॅटरी कधीच संपली होती. आणि तरी फोनवर ती सकाळी उठत होती, स्वयंपाकघरात जात होती, दुपारी खिडकीशी बसत होती.

बाबांनी सेवा बंद केलेली नव्हती. ती बंद करायची तर एक बटण दाबावं लागतं, मग ॲप कारण विचारतं, आणि कारणांत पहिलंच असतं 'निधन'. बाबांनी ते दाबलं नाही. मीही दाबलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये ते ॲप मी शेवटच्या पानावर ढकलून दिलं होतं आणि त्या पानावर जाणं सोडलं होतं. आईच्या जाण्याबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोलत नव्हतो. मी यायचे, गॅस संपलाय का बघायचे, त्यांच्या गोळ्या मोजायचे आणि जायचे.

"आधी अशी नव्हती उभी राहत," बाबा चहा गाळता गाळता म्हणाले. "संध्याकाळी थोडा वेळ यायची दाराशी, तू यायच्या वेळेला. रविवारी तू आलीस की तुझ्यामागून आत यायची. आता दुपारपासूनच जाऊन उभी राहते. पाय दुखत असतील तिचे."

"बाबा."

"तू प्रमुख आहेस ना आता? मग तिला आत घे."

मी "बघते" म्हणाले. आमच्या ऑफिसात 'बघते' याचा अर्थ 'नाही' असा होतो. बाबांना तो माहीत नव्हता. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला आणि त्यांनी माझ्या चहात जास्तीची साखर घातली.

मास्टर्सला असताना मला वाटायचं, आकडे कळले की गंगेत घोडं न्हालं. मग नोकरी लागली. आकडे काढायचं काम होतं, ते केलं. मग चार माणसांच्या आकड्यांवर लक्ष ठेवायचं काम आलं. मग वरच्यांना समजेल अशा भाषेत ते सांगायचं काम. पायरी चढत गेले तसतसे हातातून आकडे सुटत गेले आणि हातात फक्त पेन राहिलं, सह्या करायला. आधीचे प्रमुख दुसरीकडे गेले तेव्हा कंपनीने मला प्रभारी केलं. संचालकांपुढे वर्षाचा हिशेब मांडायचा, तो त्यांना पटला की 'प्रभारी' जाऊन नुसतं 'प्रमुख' राहणार, असं ठरलं होतं. आई त्याच शब्दावर हसली असती. तिच्या हयातीत मी तिच्या प्रत्येक वाढदिवसाला ऑफिसातच होते, त्या एका शब्दापायी.

सोमवारी मी दाढीला बोलावलं. दाढी म्हणजे आमचा सगळ्यात जुना विश्लेषक. कंपनीत मुळापासून होता आणि बढती मागायला कधी वर आला नाही. त्याचं म्हणणं, वर गेलं की मान दुखते.

"मेलेलं माणूस हिरवं कसं दिसतं?" मी विचारलं.

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "भराव," तो म्हणाला.

भराव मला माहीत होता. सगळ्यांनाच होता. म्हातारी माणसं आंघोळीला जाताना पट्टा काढतात, चार्जिंगला लावून विसरतात. मग ठिपका करडा व्हायचा आणि तिकडे मुलं घाबरायची. फोनवर फोन. म्हणून कोणीतरी ठरवलं की मधली रिकामी जागा भरून काढायची. ही बाई सोमवारी या वेळेला एरवी काय करते? खिडकीशी बसते. मग आत्ताही खिडकीशी बसलीय असं दाखवा. पट्टा परत हातात आला की खरं चालू. तासा-दोन तासांचा मामला. त्यापुढे मात्र ठिपका करडा व्हायलाच हवा, असा नियम होता.

"तो नियम कुठे गेला?"

"मागे एकदा नेटवर्क बंद पडलं होतं ना दिवसभर? सगळं गाव करडं झालं. तेव्हा मर्यादा काढून टाकली, तात्पुरती." दाढी कसंनुसं हसला. "दुसऱ्या दिवशी नेटवर्क आलं. मर्यादा परत घालायची राहून गेली. आणि तक्रारी थांबल्या हो. तक्रार नाही तिथे कोण कशाला बघतं?"

आमच्या विद्यापीठातले एक सर प्रत्येक तासाला एकच वाक्य म्हणायचे, इतकं की आम्ही त्यांची नक्कल करायचो. 'रिकामी जागा दिसली की भरू नका. आधी विचारा, ती रिकामी का आहे.' परीक्षेत मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून पैकीच्या पैकी मिळवले होते.

"पण आई दाराशी का उभी राहते?" मी विचारलं. 'आई' म्हणून गेले तेव्हा दाढीला कळलं, आपण कोणाबद्दल बोलतोय ते. त्याने चष्मा खाली घेतला आणि आवाजही.

"भराव आता भरावच खातोय," तो म्हणाला. "आज जे भरलं, तेच उद्या तिचा जुना इतिहास म्हणून धरतो. त्यात जे थोडं जास्त असेल ते उद्या आणखी जास्त. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसं. माणूस जिवंत असताना रोज काहीतरी वेगळं करतं, म्हणून तोल राहतो. इथे कोणी नाहीच तोल सांभाळायला. तिच्या दिवसात जे सगळ्यात ठळक होतं, तेवढं एकच उरत जाणार."

त्याने तिचा ग्राफ उघडला. सकाळचं स्वयंपाकघर आकसत चाललं होतं. खिडकी जवळजवळ गेली होती. दाराची पट्टी आठवड्यागणिक रुंद होत होती. तिच्या दिवसात सगळ्यात ठळक काय होतं, तर माझी वाट बघणं. ते माझ्याच विभागाने मला रंगीत काढून दाखवलं. मी दाढीला "बरं" म्हणाले आणि प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडले.

मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या संचालिका, मला हाताला धरून वर आणणाऱ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"मर्यादा परत घातली तर किती ठिपके करडे होतील?"

"बरेच."

"संचालकांपुढे तू काय मांडणार आहेस? हिरवं राहण्याचं प्रमाण. त्याच आकड्यावर तुझं नाव पुढे केलंय मी. झाकली मूठ ठेव गं, मीटिंग होईपर्यंत. मग निवांत दुरुस्त कर. आतापर्यंत चाललंच की." मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझ्या वडिलांचंही बघ. त्यांच्या म्हाताऱ्या जिवाला तेवढाच आधार असेल."

त्या वाईट नव्हत्या. त्यांनी माझ्याच मनातलं बोलून दाखवलं म्हणून मला त्यांचा राग आला.

पुढचे काही दिवस मी दुपारी खोलीचं दार लावून बसायचे. सगळ्यांना वाटायचं, मीटिंगची तयारी. मी चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीत आईचा ठिपका उघडून बसायचे. बाबांनी मागितलं होतं ते अवघड नव्हतं. भरावाला फक्त तिचा खरा, पट्टा हातात असतानाचा इतिहास वापरायला सांगायचं. दोन ओळींचं काम. मी त्या दोन ओळी लिहिल्या आणि आई दारातून हलली.

आत आली. स्वयंपाकघरात गेली, थोडा वेळ थांबली, जशी भांडी लावताना थांबायची. मग खिडकी. नाडी थोडी वर गेली, तेव्हा मला वाटलं, समोरच्या बाईशी बोलतेय. मी हाताची घडी घालून बघत राहिले. किती वर्षांत आईला असं नुसतं बसून बघितलं नव्हतं. संध्याकाळी ती दाराशी गेली, अगदी थोडाच वेळ, आणि परत आत आली. कोणाचीच वाट बघत नसल्यासारखी. मला इतकं हलकं वाटलं की मी पडद्याला हात लावला. आणि मग हात मागे घेतला, कारण तिथे काहीच नव्हतं, माझंच बोट पडद्यावर उमटलं होतं.

तरी मी त्या दोन ओळी पुसल्या नाहीत. खऱ्या ॲपमध्ये चढवायला फक्त माझी सही हवी होती. आई घरात सुखाने फिरेल, बाबा जेवतील, संचालक खूश होतील. सगळ्यांची सोय होत होती. मी सही करणार होते, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही. आई कोणाला नको असते?

त्या दुपारी दार न वाजवता फोनताई आत आल्या. आमच्या फोन विभागाच्या त्या मुख्य. आवाज असा की चिडलेला मुलगाही पलीकडे गप्प होतो. त्यांच्या मागे दाढी होता.

"तुमच्या दाढीने मला एक नाव दिलं," त्या म्हणाल्या. "एकटे राहणारे शिंपीकाका. मुलगा परदेशात. ह्यांचा ग्राफ तुमच्या आईंसारखाच व्हायला लागलाय म्हणाला, जरा फोन करून बघा. मी केला. उचलला नाही. शेजारणीला केला."

"गेले?"

"नाही. न्हाणीघरात पडले होते. पट्टा कित्येक दिवस बाहेर खुंटीलाच. शेजारीण किल्ली घेऊन गेली तर जमिनीवर, शुद्धीत, ओठ कोरडे पडलेले. कालपासून हाका मारत होते म्हणे. दवाखान्यात नेलंय, वाचतील." त्या खुर्चीवर बसल्या. "आणि आपल्याकडे ते सकाळपासून मशीनवर बसून शिवत होते. हिरवेगार. मुलाने बघून वर हृदयाचं चित्रसुद्धा पाठवलं त्यांना."

माझ्या पडद्यावर आई खिडकीशी बसली होती. फोनताईंनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला.

मी त्या दोन ओळी पुसल्या. आई दाराशी परत गेली. मग मी जुनी मर्यादा परत घालायच्या कागदावर सही केली आणि मॅडमना फोन करून सांगितलं, की थांबणार नाही, उद्या सकाळीच लागू होईल. त्या म्हणाल्या, "तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस." ते खरंच होतं. अजूनही माझ्या खोलीच्या पाटीवर 'प्रभारी' आहे.

खरं अवघड काम त्यानंतरचं होतं. संध्याकाळी मी बाबांकडे गेले, त्यांना आधी सांगून ठेवायला. ते दाराशीच होते, फोन हातात.

"बघितलंस का?" ते म्हणाले.

"बघते आहे," मी म्हणाले. दाराच्या आत पाऊल टाकताना मी पुन्हा बाजूने गेले. बाबांनी ते पाहिलं. तेही तसेच बाजूने आत आले. आम्ही दोघं मधे जागा सोडून घरात शिरलो, जेवलो, टीव्ही लावला. ठिपका उद्या जाणार, हे सांगायला तोंड उघडलं की गॅसबद्दल काहीतरी बाहेर पडायचं. मी न सांगताच घरी आले.

सकाळी मर्यादा लागू झाली आणि फोन विभागातल्या मोठ्या पडद्यावरचे ठिपके एकामागून एक करडे होत गेले. नियमच होता, करड्या ठिपक्याच्या घरी फोन करायचा आणि विचारायचं. फोनताईंची सगळी माणसं कामाला लागली. बऱ्याच घरी पट्टा नुसता खणात पडून होता आणि म्हातारे खडखडीत होते, उलट झोपमोड केली म्हणून ओरडले. काही घरी फोन उचलणारा थोडा वेळ काहीच बोलायचा नाही. तसल्या फोनवरची मुलगी मग खुर्ची भिंतीकडे वळवून बोलायची.

आमच्या घराचं नाव वर आलं. दाराशी थांबलेला ठिपका करडा झाला.

"मी करते," मी म्हणाले.

"तुम्ही नका करू," फोनताई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत तर ते गॅसचं सांगतील." मी त्यांना गॅसबद्दल कधी काही बोलले नव्हते. रोज शेकडो घरांत विचारून त्यांना घरं कळली असावीत. त्यांनी मला दुसरा हेडफोन दिला आणि माइक माझ्या तोंडापासून बाजूला वळवला.

पलीकडे घंटी वाजली. बाबांनी लगेच उचलला. फोन हातातच असणार.

"नमस्कार. आपल्या घरच्या आजींची नोंद येणं थांबलंय," फोनताई म्हणाल्या. सगळ्यांना विचारतात तसंच त्यांनी विचारलं. "त्या बऱ्या आहेत ना?"

बाबांचा श्वास ऐकू आला. मागे आमच्या घरातलं घड्याळ. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा, ठेवून द्या फोन, मी घेते तिला आत, दोनच ओळी आहेत. मी तोंडावर हात दाबून धरला.

"नाही," बाबा म्हणाले. "ती गेली."

"ती गेली," बाबा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, घरालाही ऐकू जावं असं. मग ते रडले. बाबांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. स्मशानातही नाही. फोनताईंनी डोळे मिटून घेतले होते आणि त्या मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होत्या.

बऱ्याच वेळाने बाबांनी नाक ओढलं. "बरं झालं विचारलंत," ते म्हणाले. "इतके दिवस मला कोणी विचारलंच नव्हतं."

"आमचं चुकलं, बाबा," फोनताई म्हणाल्या.

"तुमचं कुठे. माझी मुलगी तिथेच असते, तुमच्या ऑफिसात. मोठी साहेब आहे. तिलाही जमत नसेल विचारायला." मग ते म्हणाले, "तिला एक निरोप द्याल का? म्हणावं, आज लवकर ये. आई नाही आता. संध्याकाळी दाराशी मी असेन."

फोनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर अजून बरीच करडी नावं बाकी होती, दाढी त्यांच्याकडे बघत उभा होता. मी त्याला माझ्या खुर्चीत बसायला सांगितलं, खोलीतून पर्स घेतली आणि सकाळी दहा वाजताच घरी निघाले.